चूक सांगण्याची हिंमत

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चालकांनी मला ‘संगणकाचे युग आणि आपली मुले’ या विषयावर बोलण्यास सांगितले, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. या विषयावरची भाषणे बहुधा दोन प्रकारची असतात. एका प्रकारात वक्ता म्हणतो, मुलांनो, संगणक शिका, म्हणजे नोकरी मिळेल. दुसऱ्या प्रकारात तो म्हणतो, या मोबाईलने पिढी बिघडवली. दोन्ही गोष्टी आपण पुष्कळ वेळा ऐकल्या आहेत. मी काही विद्वान नाही. सॉफ्टवेअर तपासण्याच्या धंद्यात माझी बरीच वर्षे गेली आणि त्या धंद्यात मी जे शिकलो त्यातली एकच गोष्ट आज आपल्यापुढे ठेवणार आहे. ती अशी की, या कामात हुशारीपेक्षा एक सवय मोलाची ठरते. आपल्या हातून चूक झाली, किंवा काही वावगे दिसले, तर ते त्याच वेळी योग्य माणसाला सांगण्याची सवय. ही सवय कारखान्यात किंवा कचेरीत लागत नाही. ती घरात आणि शाळेत लागते. म्हणून पालकांनाही माझे थोडे सांगणे आहे.

प्रथम माझीच गोष्ट सांगतो. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. एका संध्याकाळी मी बिलांच्या प्रोग्रॅममध्ये एक लहानसा बदल केला आणि घाईत न तपासताच घरी गेलो. रात्री दहाच्या सुमारास जेवताना एकदम लक्षात आले की, एक ओळ चुकली आहे. घास घशाखाली उतरेना. वरिष्ठांना फोन करावा असे दहा वेळा मनात आले, पण नोकरी जाईल या भीतीने मी फोन केला नाही. सकाळी लवकर जाऊन गुपचूप दुरुस्त करू, असे ठरवून झोपलो. सकाळी पोहोचलो तेव्हा शेकडो गिऱ्हाइकांना चुकीची बिले गेलेली होती. वरिष्ठांनी मला एवढेच विचारले की, हे तुला कधी समजले? मी खरे सांगितले. ते रागावले, पण चुकीबद्दल रागावले नाहीत. मधल्या नऊ तासांबद्दल रागावले. दहा मिनिटांत मिटली असती अशी गोष्ट मी नऊ तास वाढू दिली होती. तो धडा मी विसरलो नाही.

माझ्या बाबतीत बिलेच चुकली. परंतु प्रत्येक वेळी इतक्यावर भागत नाही. आपले गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन आहे. येथे बसलेल्यांपैकी कितीतरी घरांत रेल्वेची नोकरी आहे, म्हणून रेल्वेचेच उदाहरण घेतो. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकाजवळ कोरोमंडल एक्सप्रेस मुख्य मार्ग सोडून बाजूच्या मार्गावर शिरली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी चौकशी केली. सिग्नलच्या जोडणीत पूर्वी केलेल्या बदलात आणि त्या दिवशी फाटकाच्या कामात चुका झाल्याचे त्यांनी नोंदविले. गाडीला सिग्नल सरळ जाण्याचा मिळाला होता आणि रूळ मात्र बाजूच्या मार्गाला जोडलेले होते.

परंतु त्या अहवालातील आणखी दोन गोष्टी मला अधिक महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, १६ मे २०२२ रोजी, म्हणजे सुमारे एक वर्ष आधी, त्याच दक्षिण पूर्व रेल्वेच्या खडगपूर विभागात बांकडा नयाबाज स्थानकात चुकीच्या जोडणीमुळेच अशा प्रकारची घटना घडली होती. त्या वेळी दुर्घटना टळली. त्या घटनेनंतर सर्वत्र दुरुस्ती झाली असती तर बहानगा बाजारचा अपघात झाला नसता, असे आयुक्तांनी स्पष्ट म्हटले. दुसरी गोष्ट अशी की, त्या स्थानकातले सांधे वारंवार विचित्र वागत होते. हे सिग्नल विभागाला कळविले गेले असते तर त्यांना उपाय करता आला असता, असेही त्यांनी नोंदविले. कोण दोषी हे न्यायालय ठरवील, तो आपला विषय नाही. आपण एवढेच घ्यायचे की, मोठ्या संकटापूर्वी बहुधा लहान खूण दिसते. ती कोणाला तरी दिसलेली असते. प्रश्न असतो तो हा की, पाहणारा बोलतो का आणि बोलला तर ऐकून घेणारा कोणी असतो का.

ऐकून घेणारा कसा असावा, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव या सभागृहातील प्रत्येक मुलाला माहीत आहे. रामेश्वरमच्या एका नावाड्याच्या घरचा मुलगा राष्ट्रपती झाला, हेही आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्यांच्या अपयशाची गोष्ट आपण मुलांना क्वचितच सांगतो, आणि ते स्वतः मात्र ती ठिकठिकाणी आवर्जून सांगत असत. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही-३ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. कलामसाहेब त्या मोहिमेचे प्रमुख होते. उड्डाणापूर्वी संगणकाने थांबण्याचा इशारा दिला होता. तज्ज्ञांशी विचार करून कलामसाहेबांनी तो बाजूला ठेवला आणि उड्डाणाचा निर्णय घेतला. दुसऱ्या टप्प्यात नियंत्रण सुटले आणि अग्निबाण बंगालच्या उपसागरात पडला. अनेक वर्षांची मेहनत काही मिनिटांत बुडाली. त्यानंतर पत्रकारांसमोर कोण गेले? इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः गेले आणि त्यांनी अपयशाची जबाबदारी आपल्यावर घेतली. पुढे १८ जुलै १९८० रोजी तोच अग्निबाण यशस्वी झाला आणि रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. त्या दिवशी धवनसाहेबांनी पत्रकारांसमोर जाण्यास कलामसाहेबांना सांगितले.

मित्रांनो, ही केवळ मोठ्या मनाची गोष्ट आहे असे समजू नका. यात कामाचे एक शास्त्र आहे. चूक करणाऱ्याला चव्हाट्यावर उभे केले असते तर पुढच्या वेळी त्या संस्थेतील कोणीही खरे सांगितले नसते. आणि खरे कळले नाही तर दुरुस्ती कशाची करणार? आज सॉफ्टवेअरच्या चांगल्या संस्थांमध्ये हीच रीत आहे. बिघाड झाला की आधी तो दुरुस्त करतात आणि मग सर्वजण बसून एक टिपण लिहितात. काय घडले, कसे घडले, कोणती तपासणी असती तर ते टळले असते, हे त्या टिपणात असते. ‘कोणी केले’ यापेक्षा ‘कसे झाले’ या प्रश्नाला तेथे अधिक जागा असते. याचा अर्थ निष्काळजीपणाला माफी आहे असा नाही. जो सांगतो त्याला मदत मिळते. जो लपवितो त्याला शिक्षा मिळते. आपल्या घरांत नेमके याच्या उलट होते. जो मुलगा सांगतो तो मार खातो आणि जो लपवितो तो सुटतो.

आता दुसरी गोष्ट, तपासण्याची. गोंदिया हे राईस मिलचे गाव. धानाची गाडी आली की घेणारा केवळ वरचे धान पाहत नाही. पोत्यात सळई खुपसून आतले मूठभर धान काढतो, तळहातावर चोळतो, दाताखाली घालून ओल पाहतो. विकणारा यात अपमान मानत नाही, कारण तो व्यवहाराचा भाग आहे. सॉफ्टवेअरमध्येही असेच असते. आपण लिहिलेला प्रोग्रॅम दुसरा माणूस ओळीने वाचतो, प्रश्न विचारतो, चुका काढतो. आपल्याकडून गेलेली पुष्कळ हुशार मुले येथेच नाउमेद होतात. वर्गात पहिला नंबर आलेला असतो, चूक दाखविली की तोंड उतरते. मित्रांनो, तुमचे काम तपासले गेले म्हणजे तुमच्या इज्जतीला धक्का लागला असे नव्हे.

तपासण्याची ही परंपरा आपल्याला परकी नाही. अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून अल्गोरिदम हा शब्द निघाला, बगदादच्या अल्-किंदी यांनी गुप्त लिपी उलगडण्याची रीत नवव्या शतकात लिहून ठेवली, असे आपण समारंभांतून सांगतो आणि टाळ्या घेतो. मला त्यापेक्षा मुहद्दिसांची आठवण मोलाची वाटते. एखादी हदीस समोर आली तर ती कोणी कोणाकडून ऐकली, ही पूर्ण साखळी ते पाहत. त्या साखळीतला प्रत्येक माणूस कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो खरोखर भेटला होता काय, याचा शोध ते घेत. त्यासाठी माणसांच्या माहितीचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. त्याच समाजातले आपण आज व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर, कोणी लिहिला हे न पाहता, पन्नास जणांना पुढे पाठवितो. यावर प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा.

संगणकाच्या जगातही या साखळीला आज फार महत्त्व आले आहे. २०२४ सालच्या मार्च महिन्यातली घटना आहे. जगभरच्या असंख्य संगणकांवर चालणारे ‘एक्सझेड’ नावाचे एक लहानसे सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळते आणि त्याची देखभाल मुख्यतः एकच माणूस आपल्या फावल्या वेळात करीत असे. जिया टॅन या नावाने कोणीतरी त्याच्या मदतीला आले, दोन वर्षे चांगले काम करून विश्वास मिळविला आणि मग त्या सॉफ्टवेअरमध्ये गुपचूप एक चोरदरवाजा बसविला. तो कोणी पकडला? आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याने. तो चोर शोधायला निघालेला नव्हता. दुसऱ्या संगणकात शिरण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच त्याच्या लक्षात आले. दुसरा कोणी म्हणाला असता, जाऊ द्या, अर्ध्या सेकंदाने काय होते. त्याने मुळापर्यंत जाऊन पाहिले आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना जाहीर सांगितले. तो चोरदरवाजा सर्वत्र पसरण्यापूर्वीच बंद झाला.

आज विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून उत्तरे आणि प्रोग्रॅम लिहून घेतात. घेऊ नका असे मी म्हणत नाही, मीही घेतो. पण ते यंत्र चुकीची गोष्टही तितक्याच आत्मविश्वासाने सांगते. तेव्हा सळई खुपसून पाहिल्याशिवाय पोते उतरवून घेऊ नका. जी ओळ तुम्हाला स्वतः समजावून सांगता येत नाही ती आपली म्हणून वहीत लिहू नका.

तिसरी गोष्ट अमानतीची. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला आपल्यापैकी काहींना आठवत असेल. बँकेच्या एटीएमचे व्यवहार ज्या संगणकामार्फत मंजूर होतात त्यात चोरांनी शिरकाव केला. एटीएमवर पैसे मागितले की खरी बँक उत्तर देण्याऐवजी चोरांनी उभी केलेली नकली व्यवस्था ‘मंजूर’ असे उत्तर देत होती. ११ ऑगस्टला २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले आणि १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पाठविले गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर गेली. हल्ला करणारे दूर देशात बसलेले होते. परंतु एटीएमसमोर उभे राहून नोटा मोजायला माणसे लागतात, आणि त्यांतली काही माणसे आपल्याच भागातली होती. कोल्हापूरसारख्या शहरांतही पैसे काढले गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली. मुख्य सूत्रधार परदेशात मोकळे राहिले आणि हे तुरुंगात गेले.

हे मी अशासाठी सांगतो की, आज हेच काम दुसऱ्या रूपात गावोगावच्या मुलांकडून करवून घेतले जाते. कोणीतरी ओळखीचा म्हणतो, तुझे बँकेचे खाते आणि सिमकार्ड आठ दिवस दे, पाच हजार रुपये घे, तुला काहीच करायचे नाही. त्या खात्यातून कोणा म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची पुंजी फिरते. पोलिस येतात ते खात्यावर ज्याचे नाव असते त्याच्या दारात. नोकरी, पासपोर्ट, बहिणीचे लग्न, सगळ्यावर पाणी पडते. मुलांनो, आपले खाते, आपले सिमकार्ड, आपला आधार क्रमांक कोणालाही भाड्याने देऊ नका. जिगरी दोस्त असला तरी देऊ नका. आणि उद्या तुम्ही बँकेत, दवाखान्यात किंवा सॉफ्टवेअरच्या कंपनीत लागाल तेव्हा हजारो लोकांची माहिती तुमच्या हाताखाली येईल. ती तुमची नाही. नबूवत मिळण्यापूर्वीही मक्केचे लोक हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना अल्-अमीन म्हणत आणि आपल्या ठेवी त्यांच्याकडे ठेवीत. हिजरतीच्या वेळी, ज्या लोकांनी त्यांचा जीव घेण्याचे ठरविले होते त्यांच्याही ठेवी परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली यांना मागे ठेवले. शेजाऱ्याच्या खात्यात किती शिल्लक आहे, अमक्याच्या मुलीच्या रक्ताच्या तपासणीत काय निघाले, हे केवळ आपल्याला पाहता येते म्हणून पाहणे, ही अमानतीत खयानत आहे. सुरक्षेची सगळी पुस्तके याच शिकवणीभोवती फिरतात.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती पालकांसाठी आहे.

समजा, आपली अकरावीतली मुलगी आहे. कोणा अनोळखी माणसाने तिचा फोटो कोठून तरी उचलला, यंत्राच्या मदतीने त्याचा घाणेरडा फोटो बनविला आणि तिला धमकी दिली की पैसे पाठव, नाहीतर सगळीकडे पसरवितो. मुलीचा यात काडीचाही दोष नाही. ती त्या रात्री काय करील? तिच्या मनात येईल, अम्मीला सांगितले तर अब्बांना कळेल, अब्बा मोबाईल काढून घेतील, कदाचित कॉलेजही बंद करतील, भाईजान मारतील. मग ती कोणालाच सांगणार नाही. अम्मीच्या डब्यातले पैसे चोरून पाठवील. धमकी देणारा आणखी मागेल. त्या माणसाचा सगळा धंदा एकाच भरवशावर चालतो, तो म्हणजे ही मुलगी घरी सांगणार नाही. आणि तो भरवसा त्याला कोणी दिला? माफ करा, पण तो आपण दिला आहे.

वडीलधाऱ्यांचेही तसेच आहे. ‘डिजिटल अटक’ या नावाने पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओवर धमकावणारे लोक पहिली अट हीच घालतात की, घरात कोणाशी बोलायचे नाही. कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. परंतु शिकलेसवरलेले निवृत्त लोकही घाबरून खोलीचे दार लावून बसतात आणि पैसे गेल्यावर मुलासुनांना सांगायला लाजतात.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. आज घरी गेल्यावर मुलांना जवळ बसवा आणि एक वचन द्या. तुझ्या हातून काहीही झाले, किंवा तुझ्याशी कोणी काहीही केले, तर आधी आम्हाला सांग. सांगितल्याबद्दल तुला मार बसणार नाही, तुझे शिक्षण बंद होणार नाही. आणि हे वचन पाळा. ज्या दिवशी मूल काही सांगेल त्या दिवशी तुमची परीक्षा असेल. आतून राग आला तरी पहिले वाक्य ‘बरे झाले सांगितलेस’ हेच निघाले पाहिजे.

मग पुढची पावले सोपी आहेत. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर फोन करावा. तक्रार लवकर गेली तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी थांबविता येण्याची शक्यता असते. उशिरा गेली तर ती चार खात्यांतून फिरून निघून जाते. धमकीचे संदेश पुसून टाकू नयेत, तो पुरावा आहे. पैसे पाठवू नयेत. लेखी तक्रार पोलिसांत द्यावी आणि मुलीला एकटीला न पाठविता आईवडिलांनी बरोबर जावे.

शिक्षकांनाही एक सुचवितो. प्रयोगाच्या वहीत मुले पुस्तकातले उत्तर आधी पाहतात आणि आकडे मागून बसवितात, कारण चुकलेल्या आकड्याला गुण नाहीत. या वर्षी एक प्रयोग असा ठेवा की, ज्याचे उत्तर चुकले आणि ज्याने ते का चुकले हे नीट लिहिले, त्यालाही पूर्ण गुण मिळतील. आपल्या शाळेतून एक असा मुलगा निघाला की जो खोटा आकडा लिहिणार नाही, तर तो उद्या इस्रोत गेला काय किंवा गोंदियात मोबाईल दुरुस्तीचे दुकान काढले काय, लोक त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतील.

मुलांनो, तुम्ही नागपूरला जाल, पुण्याला जाल, हैदराबादला जाल. तेथे तुमचे नाव वाचून काही लोक तुमच्याविषयी आधीच मत बनवितील. त्या वेळी आपली एकही चूक दिसता कामा नये, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटत होते आणि त्याच भीतीने मी ते नऊ तास गप्प राहिलो. अनुभवाने सांगतो, ‘हा मुलगा चुकला तर स्वतः येऊन सांगतो’ हे नाव एकदा मिळाले की बाकीची मते हळूहळू गळून पडतात.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो, खरे बोलण्याची हिंमत देवो आणि आपल्याला ते ऐकून घेण्याचा सब्र देवो. आमीन.